८०० कॅलरींच्या आहारात आतड्यातले जिवाणू कसे सांभाळायचे? मदत हवी आहे

वय ५८, वजन ९६ किलो, उंची १५५ सेंमी. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ८ आठवडे रोज पावडरची ४ पाकिटं, एकूण ८०० कॅलरी. आज १९वा दिवस. एका पाकिटात फायबर २.५ ग्रॅम. शौचाला चार दिवसांनी, तेही खडा. प्रोबायोटिकच्या (जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रतिसाद १
कॅप्सूल राहू द्या, आधी चोथा (फायबर) बघा. तुमच्याकडे दिवसाला जेमतेम १० ग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान २५ सांगते. मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचलेल्या चोथ्यावर जगतात आणि त्यापासून ब्युटिरेट बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन. पावडर जवळजवळ सगळी वर लहान आतड्यातच पचते, खाली फारसं काही पोचत नाही. मग रोझबुरियासारखे ब्युटिरेट बनवणारे घटतात आणि अस्तरावरचा चिकट थर खाणारा अ‍ॅकरमान्सिया वाढतो.

बर्लिनमध्ये नेमकं हेच तपासलं होतं (२०२१ साली 'नेचर'मध्ये आलं). पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ८० स्त्रिया, त्यातल्या आहार-गटाला ८ आठवडे रोज ८०० कॅलरींचं द्रव अन्न. वजन उतरलं, पण क्लॉस्ट्रिडिऑइडेस डिफिसिल हा जुलाब आणू शकणारा जिवाणूही वाढला. त्या स्त्रियांना जुलाब झाले नाहीत आणि नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर बरेचसे बदल मागे फिरले. म्हणून घाबरून आहार सोडू नका.

डॉक्टरांना विचारून हे वाढवा: १०० ग्रॅमचा एक पेरू (साडेआठ ग्रॅम चोथा), २० ग्रॅम अख्खे मूग मोड आणून, वाफवून (कोरड्या वजनावर ३.४ ग्रॅम), ५ ग्रॅम इसबगोल (सुमारे ४). पाकिटांतले १० धरून २६ होतात, कॅलरी शंभरेक वाढतात. तिन्ही एकदम सुरू केलं तर पोट फुगतं. एक सुरू करा, चार-पाच दिवसांनी दुसरं.

धागाकर्ता
इसबगोल शेकमध्येच मिसळलं तर चालेल का?

प्रतिसाद १
नको. शेक दोन मिनिटांत खळीसारखा घट्ट होतो आणि घशात अडकू शकतो. २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी एक पेला पाणी. गोळ्यांपासून दोन तास लांब. शौच सुटेल, पण इसबगोल जिवाणूंना फारसं खाता येत नाही, त्यांचं पोट मूग-पेरूवरच भरतं. म्हणून नुसत्या इसबगोलावर थांबू नका.

प्रतिसाद २
दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही महत्त्वाच्या. या आठ आठवड्यांत सर्दी-खोकल्यासाठी उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. डिफिसिलला अटकाव करणारे जिवाणू आधीच कमी झालेले असतात, अँटिबायोटिकने उरलेलेही जातात. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. डॉक्टरांना गाठून शौचाची डिफिसिल तपासणी करवून घ्या.

दुसरं, कॅलरी घटल्या की रक्तदाब पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो. रोज सकाळी बसून आणि मग उभं राहून एक मिनिटाने मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. गोळीचा डोस बहुतेक कमी करावा लागेल. आणि बरगडीखाली उजवीकडे कळ आली तर ती गॅसची समजून बसू नका. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, सोनोग्राफी लागते.