मदत हवी आहे: निवडणुकीच्या प्रचारासाठी एक सेमिस्टर सोडावं का?

नमस्कार. माझी भाची डिचोलीहून म्हापशाला कॉलेजला जाते, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. 2027च्या सुरुवातीला विधानसभा निवडणूक. तिला सहावं सेमिस्टर सोडून एका उमेदवाराच्या प्रचारात पूर्णवेळ उतरायचंय. ताई-भावोजी ठाम विरोधात आहेत.

मला तिची ओढ पटते. गोव्यातले मतदारसंघ एवढे लहान की घरोघरी फिरणाऱ्या पोरांमुळे खरंच फरक पडतो. 2022ला सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला! पण 75 टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, आणि कॉलेज बुडवत प्रचार करण्यापेक्षा रीतसर सुट्टी घेतलेली बरी असं माझं मत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट (पास केलेल्या विषयांची जमा होणारी एककं) क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, सात वर्षांपर्यंत टिकतात, हे वाचलंय. प्रत्यक्षात गोवा विद्यापीठाच्या कॉलेजात कुणी असं मध्येच थांबून परत आलंय का? अर्ज प्राचार्यांकडेच करायचा का? पुन्हा प्रवेश घेताना फी किंवा शिष्यवृत्तीचं काय झालं?

आणि प्रचारात काम केलेल्यांनो, मानधन, रात्रीचं घरी पोचवणं हे आधी लिहून घेतलं होतं का? मुलींच्या अनुभवांची जास्त गरज आहे. चतुर्थीला सगळे घरी जमतील, त्याआधी ताईशी नीट बोलायचंय.