पाचशेची नोट तपासताना यूव्ही दिव्यावर किती भरवसा ठेवावा?

भुसार_गाळा

मार्केटयार्डात भुसार मालाचा रोजचा गल्ला मोठा असतो आणि त्यात निम्म्याहून जास्त नोटा पाचशेच्या. गल्ल्यावर यूव्ही दिवा आहे, नोटा मोजायचं मशीनही आहे. अडचण अशी की काही नोटा दिव्याखाली निळसर-पांढऱ्या चमकतात, काहींवर पिवळे डाग उजळतात आणि मशीन मोजणी थांबवतं. त्याच नोटा बँक मात्र बिनतक्रार जमा करून घेते. गिऱ्हाइकाला तोंडावर "नोट खोटी आहे" म्हणणं ही छोटी गोष्ट नाही, त्यामुळे नक्की कळायला हवं.

चमकली म्हणजे खोटी, हे कितपत खरं? हिरवी तार (नोटेतला सुरक्षा धागा) गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट नकली, नंबरात चांदणी असेल तर नकली, असे मेसेज फिरतात, त्यांचं काय? आणि गल्ल्यावरच्या नवीन पोराला पटकन शिकवता येईल अशी हाताने तपासायची रीत कोणती?

मशीनवाला_नानापेठ

दिव्याचं आधी सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

आपल्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात चकाकी आणणारं रसायन घातलेलं नसतं. त्यामुळे दिव्याखाली खरी नोट मंद, काळपट दिसते. उजळतात ते नोटेवरचे दोन्ही नंबर, तार आणि कागदात विखुरलेले बारीक रंगीत तंतू. बाजारातल्या साध्या पांढऱ्या कागदात मात्र चकाकीचं रसायन असतं, म्हणून त्यावर छापलेली नोट सगळीकडून निळसर चमकते. दिव्याची सगळी अक्कल एवढीच. त्याला नोट कळत नाही, चकाकी कळते.

आता कपडे धुवायच्या पावडरीतही तेच चकाकीचं रसायन असतं. शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोट दिव्याखाली नकलीसारखीच उजळते. दुसरं, तुम्ही भुसार बाजारात आहात. हळदीतलं पिवळं द्रव्य यूव्ही प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं. हळदीच्या पोत्याला लागलेला हात नोटेला लागला की डाग उजळणारच. गणपतीच्या दिवसांत गुलालाचंही तसंच, त्यातले काही रंग गुलाबी-नारिंगी चमकतात. तेव्हा सगळी नोट एकसारखी उजळली तर संशय घ्या. ठिपके, बोटांचे ठसे किंवा एकच कोपरा उजळला तर बहुधा डाग असतो. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: चकाकी नसलेला कागद वापरला तर नकली नोटही दिव्याखाली मंदच दिसते. म्हणजे दिवा पास झाला यावरून नोट खरी ठरत नाही.

मशीनबद्दल. सेन्सरच्या काचेवर नोटांची भुकटी साचते आणि भुसारात धुळीचं प्रमाण जास्त. आठवड्यातून एकदा मशीन बंद करून सेन्सर आणि रबरी रोलर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं नको. मशीनवर थेट ऊन पडत असेल तर जागा बदला, बाहेरचा उजेड आत शिरला की यूव्ही सेन्सर फसतो. चिकटपट्टी लावलेल्या आणि कोपरा दुमडलेल्या नोटा आधीच बाजूला काढा. मशीन नोट जाडीवरूनही पकडतं आणि दोन नोटा चिकटल्यात असं समजून थांबतं. एवढं करूनही तीच नोट थांबली तर उलटी करून दोनदा घाला, मग हाताने बघा.

रोखपाल_निवृत्त

नानापेठकरांनी दिव्याचं चोख सांगितलं. हाताच्या तपासणीचं मी सांगतो. क्रम असा: बोट, तिरकी, उजेड. दिवा शेवटी.

बोट. नोटेच्या दोन्ही कडांना तिरक्या पाच-पाच रेघा आहेत आणि उजवीकडे एक वर्तुळ आहे. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून ते उठावाच्या छपाईत घेतलेलं आहे. अंगठ्याचं नख कडेच्या रेघांवरून आडवं ओढलं की खरखर लागते. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभही उठावाचेच. या छपाईत शाई कोरलेल्या पत्र्याच्या खाचांमध्ये भरून प्रचंड दाबाखाली कागदावर उचलली जाते, म्हणून ती कागदाच्या वर राहते. साध्या छपाईत ती वर येत नाही. काही नकली नोटांवर मागून टोचून उठाव आणलेला असतो, पण मग पाठीमागे तेवढेच खड्डे लागतात. फार वापरलेल्या नोटेचा उठाव झिजतो, तेव्हा फक्त बोटावर निकाल देऊ नका.

तिरकी. पाचशेसाठी सगळ्यात भरवशाची खूण हीच. खाली उजव्या बाजूला रुपयाच्या चिन्हासह पाचशेचा आकडा आहे. नोट सपाट धरली की हिरवा, तिरकी केली की निळा. तारही तशीच, हिरव्याची निळी होते आणि तिच्यावर 'भारत' आणि आरबीआय ही अक्षरं असतात. नकलीमध्ये चमचमती शाई किंवा हिरवी चमकपट्टी वापरतात. ती चमकते, पण रंग हिरवाच राहतो. पोराला हेच शिकवा: चमक बघू नको, रंग बदलतो का ते बघ. गाळ्यात एकच दिवा असेल तर नोट हळूहळू तिरकी करावी लागते, झटक्यात फरक कळत नाही.

उजेड. उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि पाचशेचा आकडा वॉटरमार्कमध्ये आहेत. चेहरा कागदाच्या जाडी-पातळीतून बनतो, म्हणून त्यात गडदापासून फिक्यापर्यंत छटा असतात आणि कुठेही कडक रेघ नसते. आकड्याच्या जागी कागद सगळ्यात पातळ, तो सगळ्यात उजळ दिसतो. नकलीत बहुतेक वेळा हा चेहरा करड्या किंवा पांढऱ्या शाईने छापलेला असतो. नोट टेबलावर ठेवूनही तो स्पष्ट दिसत असेल तर थांबा. खरा वॉटरमार्क उजेडासमोर धरल्यावरच भरतो. तार तेव्हाच बघून घ्या: टेबलावर ती तुकड्यातुकड्यांनी दिसते, उजेडासमोर सलग.

तरीही शंका राहिली तर दहापट भिंग. खऱ्या नोटेवर बारीक सलग रेघा दिसतात. रंगीत प्रिंटरच्या नकलेत त्याच जागी निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात.

भुसार_गाळा

खूपच उपयोगी. शंभर-दोनशेला हीच रीत चालेल का? आणि कुणी म्हणालं मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं ॲप आहे, त्याने तपासावी.

रोखपाल_निवृत्त

ते ॲप म्हणजे 'मणी'. जानेवारी २०२० मध्ये आलं, अंध व्यक्तींना नोट किती रुपयांची आहे ते सांगण्यासाठी. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. तपासणीसाठी वापरू नका.

दोनशेला रीत तीच. आकड्याचा रंग बदलतो, तारेचा बदलतो, कडेला चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळं. जांभळ्या शंभरला कडेला चार रेघा आणि उजवीकडे त्रिकोण, तारेचा रंग बदलतो, पण रंग बदलणारा आकडा नाही. तो शोधत बसून लोक चांगल्या नोटेवर शंका घेतात. पन्नास, वीस, दहाला उठावाची छपाईच नाही, त्यामुळे नख फिरवून काही लागत नाही म्हणून घाबरू नका. तिथे वॉटरमार्क आणि तार बघा.

नोटसंग्रह_सदाशिव

मेसेजबद्दल. दोन्ही चुकीचे.

तार थोडी डावी-उजवी असणं स्वाभाविक आहे. धागा कागद बनतानाच आत जातो. प्रत्येक कागदात तो अगदी एकाच ठिकाणी असता तर हजारो कागदांच्या थप्पीला त्या जागी फुगवटा आला असता, म्हणून त्याची जागा मुद्दाम थोडी सरकती ठेवतात. जागा बघू नका, रंग आणि अक्षरं बघा.

चांदणीचंही कारण साधं आहे. शंभर नोटांच्या क्रमवार गड्डीत एखादी सदोष छापली गेली तर तिच्या जागी चांदणीवाली नोट घालतात. चांदणी सुरुवातीची तीन अक्षरं-अंक आणि पुढचा नंबर यांच्या मध्ये असते. ही पद्धत २००६ मध्ये दहा, वीस, पन्नासला आली आणि २०१६ मध्ये पाचशेला. जुलै २०२३ मध्ये अफवा वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने अशा नोटा वैध असल्याचा खुलासाही केला.

नंबराकडे मात्र नीट बघा. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे तोच नंबर हवा. सुरुवातीची तीन चिन्हं एकाच उंचीची आणि पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणारे. एकाच थप्पीत दोन नोटांचा नंबर सारखा निघाला तर नंबरपट्टीतलं इनसेट अक्षर, छपाईचं वर्ष आणि गव्हर्नरची सही बघा. यातलं काही वेगळं असेल तर दोन्ही खऱ्या असू शकतात, सगळंच सारखं असेल तर निदान एक तरी खोटी आहे.

मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. वरून आठवी ओळ मराठीची. 'पाचशे रुपये' भिंगाखाली वाचून बघा. खऱ्या नोटेवर उकार आणि मात्रा सुट्या, कापल्यासारख्या दिसतात. प्रिंटरच्या नकलेत त्या एकमेकांत पसरतात. आपली लिपी रोज डोळ्यांखालून जाते, त्यामुळे दोष इथे चटकन जाणवतो. संग्राहक ही खूण फार वापरतात, दुकानदारांनीही वापरावी असं मला मनापासून वाटतं.

तारेचा इतिहासही नकलेशीच जोडलेला आहे. नोटा पूर्वी इंग्लंडहून छापून येत, १९२८ पासून त्या आपल्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी दहाच्या नोटेची फार उत्तम नक्कल केली. तेव्हा सहाव्या जॉर्जचा एका बाजूने दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा घेतला आणि भारतीय नोटेत सुरक्षा धागा पहिल्यांदा आला. तुकड्यातुकड्यांनी वर दिसणारी तार आणि अंधांसाठीच्या उठावाच्या खुणा १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेपासूनच्या.

भुसार_गाळा

आता शेवटचं. नोट खरोखर खोटी निघाली तर करायचं काय? आणि पोत्याच्या दोरीत अडकून फाटलेल्या पाचशेचे पूर्ण पैसे मिळतात का?

रोखपाल_निवृत्त

गिऱ्हाईक समोर असेल तर शांतपणे दुसरी नोट मागा. ते गेल्यावर भरण्यात सापडली तर वेगळ्या पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि बँकेत द्या. बँक त्या नोटेवर बनावट असल्याचा शिक्का मारून ती जप्त करते. पैसे मिळत नाहीत, नोट परत मिळत नाही, पण पावती मिळते. तुम्ही सही केली नाहीत तरी बँकेने पावती द्यायलाच हवी, ती मागून घ्या. एका वेळच्या भरण्यात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेरीला पोलिसांना एकत्रित अहवाल देते. पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हा नोंदवला जातो. म्हणून मोठा भरणा करण्याआधी तपासणी गाळ्यावरच करा.

नुकसान भरून काढायला ती पुढच्याला खपवू नका. खोटी आहे हे माहीत असून चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. कायदेशीर व्यवहारातून आली हे सिद्ध करता आलं तर कलम १८० खाली नुसतं जवळ असणं गुन्हा ठरत नाही, त्यासाठी त्या दिवसाची बिलं जपा.

फाटक्या नोटेचं गणित क्षेत्रफळावर चालतं. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. सगळ्यात मोठा अखंड तुकडा ८० चौरस सेंटिमीटर असेल तर पूर्ण पैसे, ४० असेल तर निम्मे, त्याखाली काहीच नाही. उभी सरळ फाटली असेल तर पट्टी लावा: पूर्ण रुंदीचा तुकडा सव्वाबारा सेंटिमीटर लांब असला की पूर्ण पैशात बसतो, सव्वासहा असला की निम्म्यात. एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि प्रत्येक निदान चाळीस टक्के असेल तर पूर्ण रक्कम मिळते. म्हणून दोन्ही तुकडे जपा, एक टाकून देऊ नका. वीस आणि त्याखालच्या नोटेला निम्म्याचा प्रकार नाही: अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य.

दोन वेगळ्या नोटांचे तुकडे चुकून चिकटवू नका, दोन्ही नंबर आधी जुळवून बघा. जळून कोळसा झालेल्या किंवा सुटता न येण्याइतक्या चिकटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. नेताना ओढून सुट्या करू नका, जशा आहेत तशाच डब्यात ठेवा.