मदत हवी आहे: कोविडचा सिंधुदुर्गातल्या पर्यटनावर आणि आरोग्यावर झालेला परिणाम आकड्यांतून कसा मांडू?

देवबागची_भाची

नमस्कार मंडळी. इथे डेटावर काम करणारे बरेच जण आहेत, डॉक्टरही आहेत, म्हणून मोठा प्रश्न टाकतेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतेय आणि प्रबंधाचा विषय आहे कोविडच्या काळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात पर्यटन किती बसलं आणि त्याच वेळी लोकांच्या आरोग्याचं काय झालं, हे दोन्ही एकत्र बघायचं. विषय मीच हट्टाने घेतलाय कारण माझी मामी देवबागला न्याहारी निवास चालवते आणि त्या दोन वर्षांत त्या पट्ट्यातल्या घरांनी काय काढलंय ते मी बघितलंय, पण "लई वाईट दिवस होते" एवढ्यावर प्रबंध होत नाही, आकडे लागतात.

आतापर्यंत जमवलेलं असं: कोविड१९इंडिया या स्वयंसेवकांच्या साइटचा जिल्हावार डेटा (तो ३१ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाला, पण जुना सगळा गिटहबवर मिळतो), गूगलचे मोबिलिटी रिपोर्ट (फोनच्या लोकेशनवरून कुठे किती वर्दळ होती ते सांगणारे), आणि मामीची पाहुण्यांची वही. ही वही म्हणजे लांबट निळ्या पुठ्ठ्याची, तारीख, नाव, गाव, माणसं किती, गाडी नंबर, किती रात्री असे रकाने. २०२० च्या दिवाळीच्या आसपासच्या पानापासून मामीने पट्टीने लाल रेघ मारून तापमानाचा रकाना वाढवलाय. मागच्या पानांवर पुढची बुकिंगं पेन्सिलने लिहिलेली आहेत, रद्द झाली की त्यावर काट आणि बाजूला बारीक अक्षरात फोन आल्याची तारीख.

आता अडलंय कुठे तर मोबिलिटीमध्ये "पार्क्स" म्हणून जो प्रकार आहे त्यात बीचपण येतात, तो सिंधुदुर्गासाठी जुलै २०२० मध्ये प्रचंड खाली दिसतो, मी आनंदाने ग्राफ काढला, प्रबंधाच्या गाइडना दाखवला तर त्या म्हणाल्या हा सगळा कोविडचा परिणाम कशावरून. मला उत्तर देता येईना. पर्यटकांचे महिनावार आकडे जिल्ह्याला धड मिळत नाहीत, एका सरकारी ऑफिसात गेले तर वर्षाचा एकच आकडा हातात दिला. आणि आरोग्याच्या बाजूला फक्त केसेस आणि मृत्यू घेतले तर पुरे का? प्लीज मार्ग दाखवा.

आकडेमोड

ताई, तुमच्या गाइडचं बरोबर आहे. गूगलने तुलनेसाठी जी पायाभूत पातळी धरली ती ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांची, त्या त्या वाराची मध्यक किंमत. आता कोकणात जानेवारी म्हणजे काय, ऐन सीझन, आणि जुलै म्हणजे समुद्र खवळलेला, वॉटर स्पोर्ट्स बंद, किल्ल्याच्या होड्या बंद. म्हणजे कोविड आलाच नसता तरी तुमचा बीचचा आकडा जुलैत खड्ड्यातच गेला असता. मुंबईच्या ऑफिसांसाठी ती पातळी एकवेळ चालून जाते, तारकर्ली-देवबागसाठी नाही.

यावर उपाय आहे. हे रिपोर्ट ऑक्टोबर २०२२ पर्यंत येत होते. तेव्हा जुलै २०२० ची तुलना जानेवारीशी न करता जुलै २०२२ शी करा, तोवर निर्बंध उठलेले होते. २०२२ हे शंभर टक्के नॉर्मल वर्ष नव्हे हे स्पष्ट लिहा, पण पावसाळा पावसाळ्याशी तोलला जाईल.

दुसरी गोष्ट सणांची. महिना महिन्याशी जोडताना आपल्याकडे सण सरकतात हे विसरू नका. गणेश चतुर्थी २०१९ ला २ सप्टेंबर, २०२० ला २२ ऑगस्ट, २०२१ ला १० सप्टेंबर. दिवाळी २०१९ ला ऑक्टोबरअखेर आणि २०२० ला अधिक मासामुळे १४ नोव्हेंबर. ऑक्टोबर २०२० पडलेला दिसला तर त्यातला काही भाग निव्वळ पंचांगाचा आहे. सणाच्या दिवसापासून मागे-पुढे किती दिवस असा वेगळा रकाना करा, काम बरंच सोपं होतं.

आणि वादळं! १६ मे २०२१ ला तौक्ते तुमच्याच किनाऱ्यावरून गेलं. मे २०२१ चा आकडा दुसऱ्या लाटेचा, निर्बंधांचा आणि तौक्तेचा मिळून आहे. शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करणार असाल तर दापोली-श्रीवर्धनला ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आहे. हे महिने वेगळे काढून एकदा आणि धरून एकदा असं दोन्ही करून दाखवा.

पणजीकर७

सिंधुदुर्गाचे महिनावार नसतील तर गोव्याचे बघा, शेजारीच आहे आणि बरेच पर्यटक दोन्हीकडे फिरतात. फक्त एक सापळा सांगतो. गोव्यात २०१९ ला सुमारे ७१ लाख देशी आणि ९ लाखांवर परदेशी पर्यटक आले. २०२० ला सुमारे २७ लाख देशी, ३ लाख परदेशी. २०२१ ला देशी ३३ लाखांवर गेले आणि परदेशी राहिले २२ हजारांच्या आसपास. नुसतं बघितलं तर वाटतं परदेशींचा खरा फटका २०२१ ला बसला. तसं नाहीये, २०२० चे ते परदेशी जवळजवळ सगळे जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे महामारीच्या आधीचे. मार्च २०२० मध्ये टुरिस्ट व्हिसा बंद झाले ते पार १५ ऑक्टोबर २०२१ ला चार्टरने येणाऱ्यांसाठी आणि १५ नोव्हेंबरपासून बाकीच्यांसाठी उघडले, आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानं तर २७ मार्च २०२२ पासून.

म्हणून कॅलेंडर वर्ष सोडा, ऑक्टोबर ते मे असा सीझन धरून मांडा. किनाऱ्यावरचा कुठलाही शॅकवाला, होडीवाला वर्षाचा हिशोब असाच करतो.

शिवाय सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि गोव्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून, म्हणजे नंतरची वाढ सगळीच "कोविडमधून सावरलो" अशी नाही, काही नवीन रस्त्याने आलेली आहे.

ग्रामीण_डॉक्टर

आरोग्याच्या बाजूबद्दल मी लिहिते. फक्त केसेस आणि मृत्यू घेऊ नकोस, त्यात अर्धं चित्रपण येत नाही.

केसेस टेस्टवर अवलंबून. सुरुवातीला आपल्या भागातले नमुने जिल्ह्याबाहेर जायचे, रिपोर्टला वेळ लागायचा, त्यामुळे तेव्हाच्या आणि २०२१ च्या केसेस एका पट्टीने मोजता येत नाहीत. मृत्यूंच्या आकड्यात जुने मृत्यू मागाहून भरले जायचे. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने ताळमेळ करून १३२८ जुने मृत्यू एकदम जोडले, ग्राफमध्ये त्या दिवशी सुळका दिसतो पण त्या दिवशी तेवढी माणसं गेली नव्हती. काही रुग्ण पत्त्याप्रमाणे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वळते केले गेले, मुंबईचा पत्ता आणि आजारपण गावी असं आपल्याकडे किती झालं ते तुला माहीतच असेल. म्हणून रोजचा आकडा घेऊच नको, आठवड्याची सरासरी घे आणि ज्या तारखांना ताळमेळ झाला त्या नोंदवून ठेव.

नोंदणीतले एकूण मृत्यू बघ, कुठल्याही कारणाचे. देशात नागरी नोंदणीत २०१९ ला ७६.४ लाख, २०२० ला ८१.२ लाख आणि २०२१ ला १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. यात नोंदणीचं प्रमाण सुधारल्याचा वाटाही आहे, पण २०२१ ची उडी तेवढ्याने समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी दोन वर्षांत मिळून सुमारे ४७ लाख जादा (म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त) मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारने त्या पद्धतीवर हरकत घेतली. दोन्ही बाजू लिही. जिल्ह्याचे महिनावार नोंदलेले मृत्यू जन्म-मृत्यू नोंदणीकडून माहिती अधिकारात माग, २०१५ पासूनचे माग म्हणजे आधीचा कल कळेल.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, जे कोविडने आजारी पडले नाहीत त्यांचं काय झालं? एचएमआयएस या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पोर्टलवर जिल्हावार महिनावार ओपीडी, बाळंतपणं, लसीकरण असे आकडे आहेत. क्षयरोगाचं बघ, देशात २०१९ ला २४ लाखांच्या वर रुग्ण नोंदले गेले, २०२० ला सुमारे १८ लाख. क्षय कमी झाला म्हणून नव्हे, माणसं तपासणीला पोचलीच नाहीत म्हणून. आमच्या केंद्रात बीपी-शुगरवाले महिनोन्महिने फिरकले नाहीत, एसटी नाही, खिशात पैसे नाहीत. तुझे दोन विषय इथे जुळतात बघ, ज्या घराचं उत्पन्न सीझनवर आहे त्या घरातली म्हातारी माणसं गोळ्या अर्ध्या करून घेतात. हा धागा सोडू नकोस.

देवबागची_भाची

डॉक्टरताई, हे वाचून अंगावर काटा आला, आमच्या आजीने हेच केलं होतं. एचएमआयएस आजच उघडते.

आता पुढची अडचण. मी आठवडावार केसेस आणि मामीच्या वहीतल्या रात्री असं कोरिलेशन (दोन्ही आकडे एकत्र वर-खाली होतात का ते) काढलं तर काही अर्थच लागेना. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये केसेस वर आणि वही कोरी, ठीक. पण जानेवारी २०२२ ला ओमिक्रॉनमध्ये केसेस वर असून वही बऱ्यापैकी भरलेली. आणि जून २०२० ला केसेस नगण्य पण एक माणूस नाही. शिवाय कोणी विचारलं की पर्यटकांमुळे केसेस वाढल्या की केसेसमुळे पर्यटक घटले तर काय सांगू?

कुडाळ_स्टँड

मी डेटावाला नाही, तारकर्लीला माझ्या चुलतभावाच्या खोल्या आहेत म्हणून लिहितो. पोस्ट वाचून बरा वाटला, कोणीतरी ह्या मांडता हा.

एक गोष्ट चाकरमान्यांची. २०२० च्या गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांसाठी क्वारंटाइन १४ वरून १० दिवसांवर आणला होता, एसटीने येणाऱ्याला ई-पास लागत नव्हता. ही माणसं कोणाच्याच वहीत नाहीत कारण ती आपल्या घरात राहतात, पण गूगलच्या मोबाइलवाल्या आकड्यात दिसणार, रेल्वेत दिसणार, केसेसमध्येही दिसणार. त्यांना पर्यटक धरलंत तर ऑगस्ट २०२० ला पर्यटन जोरात होतं असं निघेल, आणि आमच्याकडे तेव्हा चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता. आणि खूप वाड्यांवर गावाने स्वतःच रस्ते बंद केले होते, सरकारी आदेश काहीही असो.

आकडेमोड

कुडाळकरांनी लाखमोलाचं सांगितलं. एसटी-रेल्वेचे आकडे घेतलेत तर गणपतीचे आणि शिमग्याचे आठवडे वेगळे ठेवा.

ताई, कोरिलेशन गडबडतंय कारण तुम्ही तीन गोष्टी एकाच आकड्यात कोंबताय: आजार, आजाराची भीती आणि सरकारी निर्बंध. जून २०२० ला निर्बंध होते आणि आजार तिथे नव्हता. जानेवारी २०२२ ला आजार होता पण लस झालेली, भीती उतरलेली, निर्बंध सैल. म्हणून सगळा काळ एका समीकरणात घालू नका, लाटेप्रमाणे तुकडे करा आणि निर्बंधांचा तारीखवार रकाना स्वतः बनवा. राज्याचे आदेश उपलब्ध आहेत: २५ मार्च २०२० ची टाळेबंदी, २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास रद्द, एप्रिल २०२१ चे "ब्रेक द चेन" नावाचे निर्बंध, मग जून २०२१ ला पॉझिटिव्हिटी आणि ऑक्सिजन बेड बघून जिल्ह्यांचे पाच स्तर. हे पाच स्तर तुमच्या फार कामाचे आहेत, कारण एकाच वेळी शेजारशेजारच्या जिल्ह्यांना वेगळे नियम लागले, म्हणजे तुलनेला जोडी आयती मिळते.

आणि भीती मोजायची तर ती तुमच्या मामीच्या वहीत आहे! येणाऱ्यांच्या रात्री बाजूला ठेवा, पेन्सिलने काटलेली बुकिंगं घ्या. रद्द करायचा फोन आदेशाच्या आधी आला की नंतर? आधी आला तर भीती, नंतर आला तर निर्बंध. अशी तारीख मोठमोठ्या हॉटेल साखळ्यांच्या डेटातही सहज मिळत नाही. फोन आला तो पाहुणा कुठला हेही बघा. पुण्यातल्या केसेस वाढल्यावर पुण्याची बुकिंगं रद्द झाली की सिंधुदुर्गातल्या वाढल्यावर, हा प्रश्न तर माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा व्हावा. ज्यांनी गाव लिहिलं नाही, पण येऊन राहून गेले, त्यांची गाडी आहेच, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, १० सांगली, १२ पुणे, केए २२ बेळगाव. फक्त संगणकात भरताना नाव आणि पुढचा नंबर भरू नका, पासिंगची पहिली अक्षरं आणि आकडेच ठेवा, बाकी वही मामीकडेच राहू दे.

पर्यटकांमुळे केसेस वाढल्या का, हे एका वहीवर ठरणार नाही, तसा दावाच करू नका. परीक्षकाने विचारलं तर सरळ सांगा की माझा अभ्यास दुसऱ्या दिशेचा आहे.

देवबागची_भाची

मामीला आत्ताच फोन केला, ती म्हणते २०१७ पासूनच्या वह्या माळ्यावर आहेत आणि शेजारच्या दोन घरांतल्यापण मिळतील, त्या मावशी हो म्हणाल्यात. म्हणजे आधीचे तीन सीझन तुलनेला मिळतात! नावं न घेता कसं भरायचं ते तिघींना आधी समजावून त्यांची लेखी परवानगी घेईन. डॉक्टरताई, मृत्यू नोंदणीच्या अर्जाचा मजकूर मी इथे टाकला तर एकदा बघाल का?

ग्रामीण_डॉक्टर

टाक नक्की. तालुकावार आणि वयोगटाप्रमाणे आकडे हवेत असं स्पष्ट लिही, नाहीतर पुन्हा वर्षाचा एकच आकडा हातात देतील. आणि नोंदणीच्या तारखेप्रमाणे नको, मृत्यूच्या तारखेप्रमाणे माग, टाळेबंदीत नोंदणी करायला लोक खूप उशिरा गेले होते.