मदत हवी आहे : नागपूरच्या मानेवाडा भागात घर रंगवायला पेंटर, दर कसा ठरवावा?

२ बीएचके, कार्पेट एरिया (भिंती सोडून आतली जमीन) ७०० चौरस फूट, आतून पूर्ण रंग. भिंती नि छत धरून क्षेत्र साधारण तिप्पट होते, म्हणजे २१०० चौरस फुटांच्या आसपास. पेंटर मात्र दारं-खिडक्या वजा न करता मोजतात. मानेवाडा, बेसाकडे मोठी खिडकी वजा करायची पद्धत आहे का?

खरी अडचण कूलरच्या खिडकीखाली आहे. तिथे ओल मुरून पापुद्रे सुटलेत, आत जुना चुना. चुन्यावर पुट्टी धरत नाही, वर्षभरात पोपडे येतात. म्हणून प्लास्टरपर्यंत खरवडणं, भिंत पूर्ण वाळवणं, मग प्रायमर, पुट्टीचे दोन हात, १८० नंबरच्या सँडपेपरने घासाई, पुन्हा प्रायमर आणि रंगाचे दोन हात एवढं हवंय. बहुतेक जण घासाई नि दुसरा प्रायमर खातात. कोटेशनमध्ये तर एकच शब्द, ‘रंगकाम’!

मजुरीवर द्यावं की मालासकट? मालासकट दिल्यास सीलबंद डबे समोर उघडायचे, रंगात पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, ही अट कोणी मानतो का? खरवडण्याचा सध्याचा दर आणि ज्याचं काम तुम्ही पाहिलंय अशा पेंटरचा अनुभव सांगा जी. कूलर लागायच्या आत उरकायचं आहे.