शेजारी की पडोसी? पॉइंट कुणाला द्यायचा?

रिळवेडी (कोथरूड):
मंडळी जरा निकाल लावून द्या. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, दर शनिवारी रात्री एकजण पिक्चरमधलं स्टिल क्रॉप करून टाकतो, चेहरे उडवून, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. या वेळी माझी पाळी होती. मी ठेवलं काय, तर बुद्धिबळाच्या पटाचा कोपरा आणि सोंगटी उचललेला एक हात, तोही मनगटापर्यंतच. ब्लॅक अँड व्हाइट. दोन मिनिटांत एकीने लिहिलं शेजारी, पाठोपाठ एकाने पडोसी, आणि मग साडेबारापर्यंत वाद. एकच पिक्चर, मराठीत शेजारी आणि हिंदीत पडोसी. स्टिल मराठी पिक्चरचं आहे म्हणून मी शेजारीला पॉइंट दिला, पण तो म्हणतोय नुसत्या हातावरून भाषा कशी कळणार, आणि खरं सांगते मलाही ते पटतंय.

जुना_डेक्कन:
अगं हात कुणाचा ते आधी बघ, सगळं त्यावर आहे. 1941 साली व्ही. शांताराम, म्हणजे आपल्या शांतारामबापूंनी प्रभात स्टुडिओत हा पिक्चर दोन्ही भाषांत केला, आपल्या इथेच, आत्ताच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात. त्यातला मुसलमान शेजारी मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदारच. पण पटासमोरचा त्याचा हिंदू दोस्त मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान, म्हणजे हिंदीत हिंदू माणसाचं काम मुसलमान नटाने आणि मुसलमानाचं हिंदू नटाने केलंय, मला तर अजूनही हे आठवलं की भरून येतं. तर हात मिर्झाचा असेल तर दोन्ही उत्तरं बरोबर, दुसऱ्याचा असेल तर एकच.

स्वप्ना_कर्वेनगर:
काका मस्त सांगितलंत! मग कुंकू आणि त्याचंच हिंदी दुनिया ना माने तर खेळातून बादच करायला हवेत, तिथे शांता आपटे आणि केशवराव दोघंही दोन्हीकडे आहेत, अख्खा चेहरा दाखवला तरी कळणार नाही. माणूस आणि आदमीचं पण तेच, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर.

मी क्रॉप करताना एक बघते, जे उरलंय त्यात त्या पिक्चरचं स्वतःचं असं काहीतरी राहिलं पाहिजे. मागे मी जैत रे जैतचं टाकलेलं, माणूस एकही नाही, फक्त कड्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी, तरी तिघांनी ओळखलं. तेच मी नुसतं आकाश ठेवलं असतं तर तो खेळ नाही, निव्वळ छळ आहे. कठीण करा ना, पण ओळखता आलं पाहिजे.

निवांत_पेठकर:
+1. आणि रिळवेडी, एक विनंती, क्रॉप टाकलास तरी उत्तर आल्यावर पूर्ण स्टिल टाकत जा, साल आणि नटांच्या नावांसकट. 2003 मध्ये पुण्यात नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी जुनी रिळं जळाली त्यात प्रभातचीही होती. जे राहिलंय ते लोकांनी पूर्ण बघावं असं मनापासून वाटतं. आमच्या ग्रुपात एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याने या खेळामुळे प्रभातचा रामशास्त्री शोधून बघितला, नाहीतर कोण बघणार होतं?

रिळवेडी:
काका, घरी आल्या आल्या मूळ फोटो उघडला. हात मिर्झाचाच आहे. आणि समोर केशवराव अख्खे बसलेत, पटाकडे वाकून, त्यांनाच मी कापलं होतं! म्हणजे उत्तर कापून प्रश्न विचारला मी. दोघांनाही पूर्ण पॉइंट दिला, ग्रुपवर सॉरी म्हटलं, आणि तेच स्टिल परत टाकलं, या वेळी केशवरावांचा खांदा आणि कान ठेवून. पडोसीवाल्यानेच आधी लिहिलं, शेजारी. म्हणे कान ओळखला.