मदत हवी आहे: घर हादरलं, भेग पडली. भूकंप किती मोठा येऊ शकते?

कपाशीवाला: राजेहो, लवकर सांगा. परवा पत्रे थरथरले, भांडे वाजले, अन् आज पाह्यतो तं भिंतीले भेग! साळा म्हणते ५ चा असन, १० चा आला की गाव साफ. ५ म्हणजे अर्धा काय? याच्याहून मोठा येईन काय? रात्री घरात झोपाचं का नाही?

ठेचा_भाकर: गाव कोणतं, वाजले किती, भिंत मातीची का विटांची? काहीच न सांगता लवकर सांगा!

कपाशीवाला: वणीकडचं. घर साधंच हाय.

फुटाणे: ५ म्हणजे १० चा अर्धा नाही भाऊ. एक आकडा वाढला की हादरा दहापट अन् ऊर्जा जवळपास ३२ पट. ५ अन् ७ मध्ये ऊर्जेचा फरक हजारपट. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी तेलंगणात मुलुगूकडे झाला तो ५.३ चा. चंद्रपूर-गडचिरोलीच काय, नागपूरलाही पंखे हलले.

लेक_लातूरची: किल्लारीचा ६.२ च्या आसपास होता. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, चारच्या आधी. जाड दगडमातीच्या भिंती अन् वर माळवदाचं ओझं, झोपलेली माणसं खालीच राहिली. आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

बुलेटराजा: रिश्टर १० पर्यंतच असते. शाळेत शिकलो.

फुटाणे: वरची रेघच नाही त्याला. मोजलेला सर्वांत मोठा १९६० चा चिलीचा, ९.५. तिथं जमिनीखाली शेकडो किलोमीटर लांब पट्टा सरकला होता. १० साठी लागेल एवढी लांब भेग पृथ्वीवर माहीतच नाही, म्हणून १० येत नाही. मोजपट्टी संपते म्हणून नाही.

बुलेटराजा: मग ते १२ वालं काय असते?

फुटाणे: ते मर्काली. तुमच्या गावात किती हललं, किती पडलं ते सांगणारं. भूकंप एकच, पण गावागणिक आकडा वेगळा.

माई_दर्यापूर: फ्रिजवर स्टीलचे तीन गिलास एकावर एक ठेवा, पडले की पळा. आम्ही ठेवतो.

ठेचा_भाकर: अन् मांजरीनं पाडले तं?

माई_दर्यापूर: आमच्याकडे मांजर नाही.

निवृत्त_ओव्हरसियर: कपाशीवाले भाऊ, वेळ सांगा.

कपाशीवाला: दुपारी सव्वादोन. तसं रोजच हादरते त्या टायमाले, परवा जास्त होतं.

निवृत्त_ओव्हरसियर: रोज? जवळ कोळशाची खाण आहे काय?

कपाशीवाला: हाय नं, तीन किलोमीटरवर. तिचा काय संबंध?

ठेचा_भाकर: 🤦

निवृत्त_ओव्हरसियर: भूकंप घड्याळ पाहून येत नाही, ब्लास्टिंग येते. 'भूकंप' ॲपवर परवाची नोंद आहे का पाहून घ्या. भेग कशी आहे? जमीन काळी?

कपाशीवाला: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी. काळी कन्हार जमीन. उन्हाळ्यात भेग रुंदावते, पावसाळ्यात मिटते. यंदा जास्तच हाय.

निवृत्त_ओव्हरसियर: म्हणजे जुनी! काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, पाया वरखाली होतो. ब्लास्टिंगनं भर पडली असेल. भेगेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी मारून तारीख लिहा. तडकली तर भेग वाढतेय. ब्लास्टिंगच्या वेळा वहीत लिहून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. झोपा आत.

कपाशीवाला: बाबाले सांगतो. त्या भिंतीवर पाचशे लिटरची टाकी हाय, तिचं काही नाही नं?

निवृत्त_ओव्हरसियर: हे आता सांगता? आधी टाकी रिकामी करा. अन् आज अंगणातच झोपा.