मदत हवी आहे: अंगावर पिणाऱ्या बाळासाठी माझं दूध-तूप बंद, आणि सासरी चार म्हशी

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज अगदी गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय. एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर लेक झोपलीये, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लेक सव्वादोन महिन्यांची आहे. जन्माच्या वेळी २.९ किलो होती, आता ५.१. फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही. सातव्या आठवड्यात तिच्या शीमध्ये शेंबडासारखं चिकट काहीतरी दिसायला लागलं आणि दोन दिवसांनी त्यात रक्ताचे बारीक धागे. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी नीट तपासलं: शीच्या जागी चीर नाही, ताप नाही, वजन छान वाढतंय, बाळ हसतंय. त्या म्हणाल्या, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तू जे खातेस त्यातला अगदी थोडा अंश तुझ्या दुधातून तिच्या पोटात जातो. अंगावरचं अजिबात तोडायचं नाही, पण तुझं स्वतःचं दूध-दुभतं चार आठवडे पूर्ण बंद. फरक पडला की परत खाऊन बघायचं, तेव्हा पुन्हा रक्त दिसलं तर निदान पक्कं.

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं, अरे, तूप?

दूध, दही, ताक, पनीर, चहातलं दूध, भातावरचं तूप सगळं त्याच दिवशी सोडलं. सहाव्या दिवशी शी जवळपास स्वच्छ. मी खूश. नवव्या दिवशी परत लाल धागे! रडकुंडीला आले. मग मी आणि आई दोघी ओट्यापाशी बसून काय काय खाल्लं ते आठवत होतो. बिस्किटं नाहीत, पाव नाही. आणि एकदम दोघींची नजर एकाच डब्यावर गेली. डिंकाचे लाडू. सकाळ-संध्याकाळ एकेक. खारीक-खोबरं-डिंक एवढंच आमच्या डोक्यात. ते सगळं ज्यात तळून वळलं ते किलोभर साजूक तूप कुणाच्या लक्षातच नाही. आईचा चेहरा असा पडला की मला लेकीपेक्षा तिचीच समजूत काढावी लागली. अजून एकतीस उरलेत. मोजलेत मी.

आज सतरावा दिवस, लाडू बंद करून आठवा. शी परत सुधारतेय.

आता खरी गंमत. दहा दिवसांनी मला न्यायला येणार आहेत. सासर कागल तालुक्यात, गोठ्यात चार म्हशी. तिथे पाहुण्याला पाण्याच्या आधी दुधाचा पेला पुढे येतो, आणि बाळंतीण सून तीन महिन्यांनी घरी येतेय म्हटल्यावर काय होईल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, डॉक्टर गाईचं म्हंत्यात न्हवं? आपलं म्हशीचं हाय. त्यानं काय हुतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नणंदेने शेळीचं सुचवलंय, नवऱ्याच्या मित्राने ए-टू दूध (देशी गाईचं म्हणून विकतात ते).

तर म्हशीचं किंवा शेळीचं चालतं का? तूप खरंच सोडावं लागतं का? कॅल्शियमचं काय करू, माझे दात आत्ताच दुखतायत (की मनाचे खेळ?). चार आठवडे आता पहिल्यापासून मोजायचे? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, ज्यांनी हे भरल्या घरात, सासरी राहून केलंय त्यांनी कसं निभावलं ते सांगा. "अंगावरचं बंद कर आणि डबा सुरू कर" हे कृपया नको, ते रोज ऐकतेय.

दुधावरची_साय:
आयडीकडे दुर्लक्ष कर :) माझ्या मुलाच्या वेळी सात महिने हेच केलंय. तूप सोड. तूप कढवताना तळाशी जी बेरी बसते ना, तीच दुधातली प्रथिनं. आपण गाळतो, पण घरच्या तुपात थोडा अंश राहतोच. पुढे खाऊन बघशील तेव्हा हवं तर तुपापासून सुरुवात कर, पण या चार आठवड्यांत नाही, नाहीतर कशामुळे फरक पडला तेच कळत नाही. मी पण "एवढंसं तूप" करत महिना घालवला.
लाडू कच्च्या घाणीच्या खोबरेल तेलात होतात, मी खाल्लेत. डिंक फुलतो व्यवस्थित. चव वेगळी लागते, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या लाडवाला सवय होते. हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून गूळ-खोबऱ्यात शिजवले की तुपाशिवाय छान लाडू. हळिवाची खीर नारळाच्या दुधात. शतावरी कल्प दुधातच घ्यायला हवा असं काही नाही, आणि नाही घेतला तरी दूध येतं. बाळ पीत राहिलं की येतं.

निवृत्त_पोलीस:
आमच्या चार मुलांना असलं काही झालं नाही. हल्ली डॉक्टर काहीही सांगतात. ग्राइप वॉटर द्या.

बालरोग_काका:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण बाळ मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.
म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर त्यांच्यात फरक करत नाही. त्यामुळे दोन्ही नकोत. ए-टू मध्ये एकाच प्रथिनाचा प्रकार वेगळा असतो, बाकीची तीच. लॅक्टोज-फ्री दूधही उपयोगाचं नाही. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मोडलेली असते आणि तुमचं भांडण प्रथिनांशी आहे. लॅक्टोज तर आईच्या दुधात मुळातच असतं, आई काहीही खावो. सोयाचं दूध पर्याय म्हणून ढोसू नका, काही बाळांना तेही सोसत नाही, आधी विचारा.
मोजणी लाडू बंद केल्या दिवसापासून धरा. आणि परत खाऊन बघण्याची पायरी टाळू नका. रक्त थांबलं की आया घाबरून वर्षभर दूध सोडून बसतात, आणि निम्म्या वेळी गरज आहे की नाही तेच ठाऊक नसतं. खरोखर अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक बाळंसुद्धा वर्षाच्या आसपास हळूहळू दूध पचवायला लागतात.
हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, बाळ मलूल पडणं, ताप, रक्ताचं प्रमाण वाढणं, यातलं काहीही झालं तर धागा वाचत बसू नका, थेट दवाखाना.
निवृत्त_पोलीस, ग्राइप वॉटरही नको आणि पाणीही नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

नाचणीचं_सत्त्व:
कॅल्शियमसाठी: १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन बेताच्या भाकऱ्या. त्यावर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याची पालेभाजी. मासे खात असशील तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे. तरी एवढ्यावर भागत नाही, गोळी घेच. सरकारी दवाखान्यातसुद्धा बाळंतपणानंतर सहा महिने ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, दोन्हींमध्ये दोनेक तास अंतर ठेव. डी जीवनसत्त्वाचंही विचारून घे.
पाकिटावर हिरवा ठिपका बघून फसू नकोस, तो शाकाहारीचा आहे, दुधाविना असल्याचा नाही. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे शब्द शोध, सगळे दुधातूनच येतात. मसाला वेफर्समध्ये व्हे सापडलं तेव्हा मी पाकीट दोनदा वाचलं होतं.

तांबडा_रस्सा:
कागलच्या शेजारचीच आहे मी, म्हणून मुख्य प्रश्नाचं उत्तर. सासूबाईंना "दूध वाईट" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांची हयात त्यावर गेलीये. "बाळीला सध्या सोसत नाही, चार आठवड्यांचं पथ्य दिलंय" म्हण. पथ्य हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो, अ‍ॅलर्जी कुणाला कळत नाही. जायच्या आधी नवऱ्याला त्यांच्याशी बोलायला लाव, तुझ्या तोंडून नको. आणि शक्य असेल तर रक्त दिसलेल्या लंगोटाचा फोटो दाखव. माझ्या सासूने फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्या आमटीची फोडणी वेगळ्या कढल्यात, तेलात. शेजारीण दुधाचा पेला घेऊन आली तर तीच आडवी.
पिठलं, झुणका, खर्डा-भाकरी, घरचा तांबडा रस्सा बिनधास्त. धपाट्याच्या पिठात ताक नाही ना ते विचार.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. बालरोग_काका, परत खाऊन बघण्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली. आईने आज खोबरेल तेलात सहा लाडू करून बघितले, अगदी मान्य करायचं नाही म्हणत स्वतःच दोन खाल्ले.

तांबडा_रस्सा, काल नवऱ्याने फोन केला, फोटोही पाठवला. बराच वेळ पलीकडे कुणी बोललं नाही. मग सासूबाईंचा मला फोन आला. दुधाचं नावही नाही. एवढंच विचारलं, "नाचणी दळून ठेवू का? किती लागंल?"

उरलेले एकतीस लाडू बाबा ऑफिसला नेतायत.